कलम चौदा आणि इडेला क्वामेचा डबा

ज्या खेळाचं नियमपुस्तक एका हाताने उचलत नाही, तो खेळ प्रगत समजावा. आमच्या थ्री विलोज दूरपल्ला रायफल मंडळाचं नियमपुस्तक एकशे बारा पानांचं आहे आणि सभासद सदतीस. म्हणजे माणशी तीन पानं पडतात आणि एक उरतं. त्या उरलेल्या पानावर माझी, सचिव ऑरिन स्टबलफील्डची, सही आहे.

मी काउंटीच्या रस्तेखात्यात अठ्ठावीस वर्षं कारकून होतो. त्या काळात आमच्या खात्याने किती खड्डे बुजवले ते विचारू नका, पण एकही खड्डा नोंदीवाचून राहिला नाही. निवृत्त झाल्यावर माझ्यासारख्या माणसाने करायचं काय? मोंटानात दोनच पर्याय असतात, मासे धरणं किंवा मंडळाचं सचिवपद घेणं. मासे फॉर्म भरत नाहीत.

खेळ सोपा आहे. रविवारी सकाळी पोटावर पालथं पडायचं आणि हजार यार्डांवरच्या कागदाला वीस गोळ्या मारायच्या. अर्धे सभासद मारतात तेव्हा उरलेले अर्धे लक्ष्यांखालच्या खंदकात बसतात. गोळी लागली की कागद खाली ओढायचा, भोक बुजवायचं, खूण लावायची, कागद वर चढवायचा. दुपारी अदलाबदल. आठवडाभर शेतात राबलेली माणसं याला विश्रांती म्हणतात.

आता कलम चौदा. त्याची भाषा माझी आहे, म्हणून ती पूर्ण देतो: ‘स्पर्धकास रायफलीच्या नळीस ध्वनिशामक, ध्वनिरोधक, ध्वनिमंदक अथवा ध्वनीचा अवमान करणारे अन्य कोणतेही उपकरण जोडता येणार नाही.’ बोलताना आम्ही त्याला नुसता ‘डबा’ म्हणतो. हे कलम आम्ही केलं तेव्हा मंडळात एकाकडेही डबा नव्हता. ज्या गोष्टीचा कुणालाच उपद्रव नाही तिच्यावर बंदी घालायला फार वेळ लागत नाही. ते काम आम्ही कॉफी येईपर्यंत उरकलं होतं.

त्याच्या आधीचं कलम तेरा मात्र उदार आहे. नळीच्या तोंडाला भोकं पाडलेला एक लोखंडी तुकडा लावतात, त्याला ब्रेक म्हणतात. ब्रेकमुळे बंदुकीचा धक्का निम्मा होतो आणि आवाज दुप्पट. तो चालतो. डब्यानेही धक्का कमी होतो, पण आवाजही कमी होतो, म्हणजे सगळा फायदा एकट्या स्पर्धकालाच. ब्रेकचा फायदा वापरणाऱ्याला आणि त्रास शेजारच्या आठ जणांना असा वाटला जातो. सामुदायिक खेळात वाटणीला महत्त्व आहे.

मंडळाने केलेल्या श्रवणपाहणीचे आकडे माझ्याकडे आहेत. सदतीस सभासदांचे चौऱ्याहत्तर कान. त्यांपैकी पूर्ण चालणारे एकोणीस, अधूनमधून चालणारे बावीस, शोभेचे तेहतीस. कार्यकारिणीत तीन सभासद, सहा कान, त्यांत चालणारा एक (उपकरण-निरीक्षक गेलन ऑस्टरचा डावा). आणखी एक आकडा आहे, तो मी पाहणीत घेतला नाही. सदतीसपैकी एकतीस जणांच्या घरी स्वतःचा डबा आहे. शेतात खारी मारताना ते तो न चुकता लावतात, कारण कान ही नाजूक वस्तू आहे. रविवारी मैदानावर येताना डबा घरी ठेवतात, कारण नियम हाही नाजूक असतो.

हे सगळं सुरळीत चाललं होतं आणि मार्चमध्ये इडेला क्वामेचा अर्ज आला.

इडेला माझ्याच शाळेतली, वय सहासष्ट. पियानो सुरात लावणं हा तिचा धंदा. सबंध सेज काउंटीत एक्केचाळीस पियानो आहेत, चर्चमधले, शाळेतले, बंद पडलेल्या हॉटेलातला एक. ते सगळे ती वर्षातून दोनदा लावते. यंत्र वापरत नाही, कान लावते. याच बाईने लागोपाठ दोन वर्षं आमचा फिरता करंडक जिंकला होता. हा करंडक १९५८ सालापासून फिरतोय. नियमपुस्तकाच्या एकाहत्तराव्या पानावर स्पष्ट आहे की सलग तीनदा जिंकणाऱ्याच्या घरी तो कायमचा राहील. आजवर तो कुणाच्या घरी राहिलेला नाही. दोन्ही वर्षं दुसरा क्रमांक गेलन ऑस्टरचा होता, याचा पुढच्या घटनांशी काही संबंध असल्याचं इतिवृत्तात नमूद नाही.

अर्ज तीन ओळींचा होता. डावा कान गेला आहे. बिलिंग्जच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की उजव्याला आवाज अडवणारी नुसती कानटोपी पुरणार नाही, डबाही लावा, नाहीतर बंदूक सोडा. तरी डबा लावायला परवानगी मिळावी. सोबत सरकारी परवाना जोडला होता. त्यासाठी तिने दहाही बोटांचे ठसे आणि दोन फोटो देऊन आठ महिने वाट पाहिली होती. सरकारची खात्री पटली होती. पण सरकारला दूरपल्ल्याचा अनुभव नाही.

कार्यकारिणीची सभा भरली. अध्यक्ष डेल्बर्ट राश हा गव्हाचा मोठा शेतकरी. दोन्ही कानांची यंत्रं तो बॅटरी वाचावी म्हणून खिशात ठेवतो. गेलनचं टायरचं दुकान आहे, वय पन्नास, माणूस तत्पर. तिसरा मी.

“इडेलाबाई,” गेलन म्हणाला, “तुमच्याबद्दल आदरच आहे आम्हाला. पण डबा लावला की माणूस दचकत नाही. बाकीचे दचकणार आणि तुम्ही नाही, हा कुठला न्याय?”

“मग त्यांनीही लावावा की! एकतीस जणांच्या कपाटात पडलाय. तुझ्याकडे तर दोन आहेत, गेलन.”

“ते घरगुती आहेत.”

मी सचिव या नात्याने तांत्रिक मुद्दा मांडला की बार ऐकू आला नाही तर गोळी सुटल्याचं खंदकातल्या माणसाला कळायचं कसं?

इडेलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेनाचं टोपण शोधायला लागलो. “ऑरिन, चाळीस वर्षं त्या खंदकात बसतोयस ना रे? हजार यार्डांवरून तुला बार ऐकू येतो, का डोक्यावरून गोळी जाते तिचा फटाका? आवाजापेक्षा वेगाने जाते ती. नळीला डबा लाव नाहीतर उशी बांध, फटाका तेवढाच होणार. हे तुला माहीत नाही होय?”

मला माहीत होतं. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘अर्जदाराने विषयाला सोडून प्रश्न विचारला.’

डेल्बर्टने एक यंत्र कानात घातलं, दोन मिनिटं ऐकलं आणि मध्यम मार्ग काढायला सांगितलं. मध्यम मार्ग काढण्यात आमचं मंडळ वाकबगार आहे. रात्रीच्या जेवणाआधी कलम चौदा (क) तयार झालं: ‘वैद्यकीय कारणास्तव ध्वनिशामक वापरणाऱ्या स्पर्धकास त्यामुळे होणारा अनुचित लाभ नाहीसा करण्यासाठी मंडळ त्याच्या निकट तेवढाच ध्वनी उपलब्ध करून देईल.’ थोडक्यात, तिने डबा लावून गोळी मारावी आणि त्याच क्षणी तिच्या शेजारी मंडळातर्फे कुणीतरी आवाज करावा. एवढं समतोल कलम मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही.

“म्हणजे डबा लावायचा आणि वर कान फोडून घ्यायचा?” इडेला म्हणाली.

“कान फोडायचा असं कुठेही म्हटलेलं नाही,” मी म्हणालो. “ध्वनी उपलब्ध करून द्यायचा म्हटलंय.”

“अरे, तुम्हाला काही वाटतं का रे?”

हा प्रश्नही विषयाला सोडून होता. पण जूनची स्पर्धा तोंडावर होती आणि करंडकासाठी मोसमातल्या दोन्ही स्पर्धांचे गुण धरतात. तिने कानात बोळे घातले, त्यावर कानटोपी चढवली आणि चटईवर आडवी झाली.

आवाज कशाने करायचा याचा आम्ही आधी शास्त्रशुद्ध विचार केला होता. लोखंडी तवा वाजवून पाहिला, तो कमी पडला. ट्रॅक्टरचा भोंगा लांबत होता. शेवटी रायफलीचा आवाज रायफलीनेच भरून काढावा असं ठरलं. गेलनने आपली ब्रेकवाली बंदूक घेऊन इडेलाच्या उजव्या अंगाला पडायचं आणि ती मारील तेव्हा लक्ष्यांमागच्या मातीच्या बांधावर एक गोळी सोडायची. नेमणूक त्याने स्वतःहून स्वीकारली. माणूस तत्पर आहे हे मी म्हटलंच.

अडचण वेळेची होती. ती कधी मारणार हे गेलनला कळणार कसं? तो आधी वाजवायचा तेव्हा ती दचकायची, नंतर वाजवायचा तेव्हा तिने लाभ घेऊन झालेला असायचा. पाचव्या गोळीला मी स्पर्धा थांबवली आणि तोंडी दुरुस्ती केली की स्पर्धकाने गोळी झाडण्यापूर्वी मान हलवून सूचना द्यावी. मान हलवली की दुर्बिणीतून नेम हलतो, असं इडेलाचं म्हणणं पडलं. तिला लेखी तक्रार करायची मुभा देण्यात आली. तेव्हा गेलन म्हणाला, मानेचं राहू दे, मी त्यांच्या बोटाकडे बघतो.

आता एक डोळा दुसऱ्याच्या बोटाकडे ठेवून आपली बंदूक हजार यार्डांवर नेमकी कुठे रोखलीय हे सांगता येत नाही. तेराव्या गोळीला इडेलाचं लक्ष्य खाली गेलं ते बराच वेळ वर येईना. मग खंदकातून फोन आला. एका कागदावर दोन भोकं पडली होती, एक नऊ गुणांचं, एक बरोबर दहाचं.

दुसऱ्याच्या लक्ष्यावर गोळी घालणं ही आमच्या खेळातली सगळ्यात मोठी नामुष्की. बँकेचा मॅनेजर शेजारच्याच्या घरात जेवायला जाऊन बसावा तसं ते दिसतं. रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवून बघितलं. गेलन कानापर्यंत लाल झाला.

नियम असा की दोन भोकं पडली तर त्या लक्ष्याच्या मालकाला जास्त गुणांचं भोक मिळतं.

“ते दहा गेलनचे आहेत,” इडेला चटईवरूनच ओरडली. “माझे नऊ, गोळी सुटतानाच कळलं मला. नऊ लिही, ऑरिन!”

“लिहिता येत नाही. नियमाने दहा.”

“अगं बाई! मला नकोत ते!”

“नकोत म्हणण्याची तरतूद नाही, इडेला.”

असं करून तिचे गुण झाले एकशे अठ्ठ्याण्णव. सोमवारी गेलनने लेखी अहवाल दिला आणि त्याच्या युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती. इडेलाबाईंचे डब्याशिवाय झाले असते ते गुण एकशे सत्त्याण्णव, डब्यासहित झाले ते एकशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे डब्याने एक गुण वाढतो, हे आता प्रयोगाने सिद्ध झालं आहे. कलम चौदा (क) तात्काळ रद्द झालं, डबा पुन्हा निषिद्ध झाला आणि जूनचे तिचे गुण ‘प्रलंबित’ या सदरात गेले.

स्पर्धेनंतर नऊ दिवस इडेलाच्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती. त्याच आठवड्यात तिने आमच्या लुथरन चर्चचा पियानो लावला. रविवारी त्यावर भजनं झाली. कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण ऐकणारे आम्हीच. पण इडेला पहिल्या भजनालाच डोळे मिटून बसली. सोमवारी ती पुन्हा चर्चमध्ये गेली, मंगळवारीही गेली. मी चर्चची किल्ली परत घ्यायला गेलो तेव्हा ती एकच पट्टी परत परत दाबत होती.

“हा सूर लागलाय का रे?” तिने मला विचारलं. मला! “शप्पथ, ऑरिन, मला कळत नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा मला कळत नाहीये.”

मला वाईट वाटलं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण इतिवृत्तात ते कुठे बसलं नाही. शिट्टी दहाव्या दिवशी थांबली आणि तिने तो पियानो पुन्हा लावला. डॉक्टर म्हणाले, या वेळी परत आलं, पुढच्या वेळी येईलच असं नाही.

ऑगस्टमध्ये तिने अपील केलं. मागणी साधी होती: डबा कुणालाही लावू द्यावा, जूनचे गुण धरावेत आणि हवा तर तो एक दहा काढून नऊ करावा. अपिलाला डॉक्टरने काढलेला तिच्या श्रवणाचा आलेख जोडला होता. त्यातली रेघ उजवीकडे जाता जाता दरीत पडत होती. आलेख मंडळाच्या विहित नमुन्यात नव्हता, तरी मी तो फिरवला.

डेल्बर्टने तो बराच वेळ पाहिला. मग दोन्ही यंत्रं खिशातून काढून कानात घातली. मंडळाच्या सभेत त्याने दोन्ही घातलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“आमची बायको, मार्लिस, मला जेवायला हाक मारत नाही,” तो म्हणाला. “झाडूच्या दांड्याने जमीन ठोकते. पायाला हादरा बसला की मी उठतो. बावीस वर्षं झाली. परवा मला आठवेना की ती मला काय म्हणून हाक मारायची. माझ्याकडेही एकच कान उरला असता आणि कुणी डबा पुढे केला असता, तर मी तो झोपतानाही लावला असता. लावू द्या तिला. माझा हात वर.”

आणि त्याने हात वर केला.

“भावनेच्या भरात नियम बदलत नसतात, अध्यक्ष,” गेलन म्हणाला. “माझा विरोध.”

एक विरुद्ध एक झालं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दाराशी खुर्चीवर इडेला बसली होती, तिनेही पाहिलं.

बाई बरोबर होती. हे मला मार्चपासून माहीत होतं. डब्याने खंदकातल्याचं काही अडत नाही, कुणाच्या पोटात दुखत असेल तर ते करंडकामुळे, हेही ठाऊक होतं. माझ्याही कपाटात डबा आहे. पण त्याचबरोबर कलम चौदाची भाषा माझी होती. शिवाय गेलनने माझ्या गाडीला बर्फात चालणारे टायर घालून दिले होते आणि तो सकाळ-संध्याकाळ रस्त्यात भेटणारा माणूस आहे. अशा वेळी अनुभवी सचिवाकडे एक साधन असतं, ते मी काढलं. मी तटस्थ राहिलो.

तटस्थपणा हा फार वरच्या दर्जाचा गुण आहे. त्यात माणूस कुणाचंच वाईट करत नाही, जे काय व्हायचं ते आपोआप होतं. समान मतं पडल्यास जुना नियम कायम, असं सहाव्या पानावर आहे (तेही मीच लिहिलंय). इडेलाने काही आरडाओरडा केला नाही. ती उठली, खुर्ची भिंतीला लावली आणि “बरं,” म्हणाली. जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं तिने. त्याऐवजी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरच्या अंतिम स्पर्धेला ती आली. डबा लावूनच आली. “मोजायचं नसेल तर मोजू नका,” म्हणाली, “पण मी वर्गणी भरलीय आणि वीस गोळ्या मारणार आहे.” मी नियमपुस्तक चाळलं. मोजदादीबाहेर मारायला मनाई करणारं कलम सापडलं नाही (आता घातलंय). तिला शेवटची, एकोणिसाव्या क्रमांकाची चटई मिळाली.

त्या दिवशी डोंगराकडून वारा येत होता, कधी जोरात तर कधी मुळीच नाही. अशा वाऱ्यात भल्याभल्यांचे कागद चाळणीसारखे होतात. त्या वेळी मी खंदकात होतो, एकोणीस नंबरच्या लक्ष्याखाली. बार ऐकू आला नाही, तो कधीच येत नाही. डोक्यावरून फटाका जायचा, मी कागद खाली ओढायचो आणि भोक बघायचो. दहा. दहा. दहा. नऊ. दहा. मोजायचं नव्हतं तरी मी मोजलं. एकशे नव्याण्णव झाले. शेजारच्या लक्ष्याखालचे माझ्याकडे वाकून बघत होते आणि त्यांनी विचारायच्या आत मी भोकं बुजवत होतो. गेलनचे एकशे चौऱ्याण्णव झाले.

संध्याकाळी सभागृहात जेवण होतं. बटाट्याचं, मांसाचं, हकलबेरीचं, ज्याने त्याने आपापलं भांडं आणलं होतं. मी व्यासपीठावर उभा राहून निकाल वाचला. प्रथम क्रमांक गेलन ऑस्टर, एकशे चौऱ्याण्णव, आणि जूनचे गुण धरून फिरता करंडकही त्याचाच. एकोणीस नंबरच्या कागदाची गोष्ट तोवर सगळ्यांना कळली होती. सदतीस माणसं, बायकामुलांसह साठ-सत्तर, त्यांतला एकही जण बोलला नाही. सगळ्यांनी ताटात बघून टाळ्या वाजवल्या. इडेलाही वाजवत होती. त्या टाळ्या किती पडल्या हे त्या खोलीत नीट ऐकू आलं असेल तर तिलाच. चर्चमधला पियानो ती पुढच्या गुरुवारी लावणार आहे. करंडक पुढच्या वर्षीही फिरणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, ऑरिन, हात वर करायला तुला काय झालं होतं? म्हणा. पण बाई बरोबर आहे हे तुम्हाला केव्हा कळलं? पहिल्या सभेलाच कळलं असणार. तरी तुम्ही हसत हसत इथपर्यंत आलात, पुढे काय होतंय ते बघू म्हणत. आम्हीही तेवढंच करत होतो. आणि तुमच्या इमारतीच्या, पतपेढीच्या, शाळेच्या मागच्या सभेत शेवटच्या रांगेतून एक बाई उठून काहीतरी विचारत होती, तेव्हा तुम्ही घड्याळात बघत होतात ना? ती काय विचारत होती ते तुम्हाला आठवणार नाही. तुमच्या सचिवाने काय लिहिलं ते मी न बघता सांगतो: ‘ठराव एकमताने मंजूर.’